काचेच्या टाकीतला समुद्र कोण स्वच्छ ठेवतो?

जालन्यापासून मुंबईचा समुद्र सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तिथे समुद्र रस्त्यापलीकडेच होता. पण जालन्यात कोणी घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटली, तर गोड्या पाण्यात क्षारांचे मिश्रण विरघळवून तेच पाणी महिनोन्‌महिने वापरावे लागते. मासे त्यातच खातात आणि त्यातच उत्सर्जन करतात. मग हे पाणी विषारी का होत नाही? या प्रश्नाचे उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्यातला कळीचा दुवा मत्स्यालयात नव्हे, तर सांडपाण्यात सापडला!

१८५० साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका भांड्यात त्यांनी दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने ऑक्सिजन द्यावा, माशांनी कार्बन डायऑक्साइड द्यावा, आणि हिशेब जुळावा, ही कल्पना. प्रत्यक्षात सडक्या पानांनी पाणी खराब होऊ लागले. तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडका पाला फस्त केला आणि भांडे टिकले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि घरोघरी समुद्री टाक्यांचे वेड पसरले. पण अनेक टाक्यांतले जीव लवकरच मरत.

असे का होई? वॉरिंग्टन यांच्या हिशेबात वायूंचा जमाखर्च होता, नायट्रोजनचा नव्हता. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो अगदी थोड्या प्रमाणातही त्यांना घातक ठरतो.

आता सांडपाण्याकडे वळू या. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युन्त्स यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट मिळू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. याचा अर्थ, हे काम वाळूचे नव्हते. वाळूवर वाढलेल्या जिवंत सूक्ष्मजीवांचे होते. १८९०च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनी हे काम दोन टप्प्यांत होते हे दाखवले: काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे नायट्राइटचे नायट्रेट.

मत्स्यालयात या ज्ञानाला प्रवाळाची जोड मिळाली ती इंडोनेशियात. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या टाकीत समुद्रातून आणलेले सजीव खडक, प्रवाळ, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, एवढेच होते. 'सजीव खडक' म्हणजे जीवजंतूंनी भरलेला, प्रवाळांच्या सांगाड्यांचा सच्छिद्र खडक. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन मिळतो, म्हणून तिथे अमोनियाचे नायट्रेट होते. आतल्या छिद्रांत ऑक्सिजन संपतो. तिथले जीवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. एकाच दगडात दोन कारखाने! पुढे मोनॅकोच्या जाँ जोबेर यांनी हेच काम वाळूच्या जाड थराकडून करून घेतले, तर अमेरिकेत वॉल्टर एडी यांनी शेवाळाला नायट्रेट खाऊ घालून ते शेवाळ वेळोवेळी कापून काढले.

या इतिहासातून दोन व्यावहारिक गोष्टी कळतात. एक, नव्या टाकीत पहिल्याच दिवशी मासे सोडू नयेत. श्लोसिंग यांच्या नळीप्रमाणे जीवाणूंची वस्ती वाढायला महिना-दीड महिना लागतो. त्याआधी सोडलेले मासे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही मरतात. गाळणी क्लोरीनच्या नळपाण्याने खळखळून धुतली तरी ही वस्ती नष्ट होऊ शकते. दुसरी, आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वाघाइतकेच संरक्षण आहे. कोरडा सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिकचे तुकडे वापरले तरी जीवाणू त्यावर घर करतात.

हे कारखाने पाहायला समुद्रच हवा असे मात्र नाही. जालन्याच्या काळ्या जमिनीत घातलेल्या शेणखताचे आणि युरियाचे नायट्रेटही असेच जीवाणू करतात. त्यातले काही पिकाला मिळते, काही झिरपून विहिरीत उतरते. पावसात शेत तुंबून मातीतला ऑक्सिजन संपला, की दुसरा कारखाना सुरू होतो आणि शेतकऱ्याने विकत घेतलेला नायट्रोजन हवेत उडून जातो. टाकीत जी क्रिया माशांचा जीव वाचवते, तीच शेतात खिशाला भोक पाडते. नायट्रोजन चक्राचा धडा शिकवताना फळ्यावर बाण काढण्याआधी विद्यार्थ्यांना विचारून पाहावे: पाणी तुंबलेल्या शेतातले पीक पिवळे का पडते?