संवाद म्हणजे काय? 'कात्रज-कोंढवा'पासून तानपुऱ्यापर्यंत

पुण्यात 'कात्रज-कोंढवा रस्ता' हे नाव जिभेवर सहज बसतं. दोन्ही गावांच्या सुरुवातीचा 'क' हे त्याचं एक कारण. इंग्रजीत भाषेतल्या आणि संगीतातल्या अशा मेळाला 'कॉन्सोनन्स' हा एकच शब्द आहे. मराठीत मात्र दोन शब्द आहेत: अनुप्रास आणि संवाद.

भाषेत: अनुप्रास

एकच व्यंजन जवळजवळ पुन्हा आलं की अनुप्रास होतो. स्वर जुळलाच पाहिजे असं नाही. 'का' आणि 'कों' चालतात. 'पळसाला पाने तीनच' मध्ये 'प' सुरुवातीला येतो, तर 'दाम करी काम' मध्ये 'म' शेवटी. म्हणूनच म्हणी पटकन पाठ होतात. पंडित कवी मोरोपंत (१७२९-१७९४) अनुप्रास आणि यमकासाठी प्रसिद्ध आहेत.

संगीतात: संवाद

दोन स्वर एकत्र वाजल्यावर एकमेकांत मिसळले, तर तो संवाद. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'नुसार ९ किंवा १३ श्रुतींचं अंतर असलेले स्वर संवादी असतात. म्हणजे सा-म आणि सा-प.

यामागे साधं गणित आहे. सा २४० हर्ट्झचा असेल तर पंचम ३६० चा, म्हणजे प्रमाण २:३. सा ची दोन कंपनं होतात तेवढ्यात पंचमाची तीन होतात आणि दोन्ही पुन्हा एकत्र येतात. कोमल रे (२५६) सोबत असं लवकर घडत नाही, म्हणून कानाला खरखर जाणवते.

मग विसंवाद म्हणजे चूक?

नाही. मारवा रागात पंचम वर्ज्य आणि रे कोमल. त्या ताणातूनच रागाची हुरहूर येते. ताण असेल तरच 'सा'वर परतल्याचं समाधान मिळतं.

पेटीचा वाद

शुद्ध गंधाराचं प्रमाण ४:५, म्हणजे ३०० हर्ट्झ. पेटीचं सप्तक १२ समान भागांत विभागलेलं असेल, तर तो सुमारे ३०२.४ वर जातो. शिवाय पेटीवर मींड निघत नाही. अशा आक्षेपांमुळे १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. ती १९७०च्या दशकात शिथिल झाली. आज पेटी मैफलीत सर्रास दिसते, पण गायक सूर लावतो तो तानपुऱ्याशीच.

थोडक्यात: अनुप्रासात ध्वनी पुन्हा येतो, संवादात दोन वेगळे स्वर जुळतात.