पलभा व पंचांगाचें स्थल
दप्तरांतील पंचांगांचीं सुटीं पानें रद्दी समजून टाकूं नयेत. स्थलाचा उल्लेख नसला तरी दिनमान बोलतें. विषुवदिनीं मध्यान्हीं बारा अंगुळें शंकूची पडणारी छाया ती पलभा. उत्तरेकडे ती वाढत जाते. नांदगांवकर गणेश दैवज्ञांनीं ग्रहलाघवांत (शके १४४२, इ. स. १५२०) तीस १०, ८ व १०/३ यांनीं गुणून चरखंडांचीं पळें काढलीं आहेत. त्यांच्या बेरजेची दुप्पट ३० घटींत मिळविली कीं परमदिन येतो. पुण्याची पलभा सुमारें ४ अंगुळें. परमदिन ३२ घटी ५१ पळें. उज्जयिनीची ५ अंगुळें ८ व्यंगुळें. परमदिन ३३ घटी ३९ पळें. हा ४८ पळांचा फरक हिंवाळ्यांत उलटतो. मात्र यावरून अक्षांश कळतो, रेखांश नव्हे. नांदगांव व पुणें यांचीं पानें केवळ दिनमानावरून वेगळीं करतां यावयाचीं नाहींत.