छावणीचे स्थानक आणि मराठा मुलखाची वाट

बंगळुरातील शिवाजीनगर हे नाव अलीकडचे. पूर्वी हा भाग ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाई, आणि ज्या शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती, त्यांच्या पुत्राचे नाव इंग्रजी छावणीच्या बाजारपेठेस लाभावे, हा इतिहासाचा थोडा खोडकर न्यायच म्हणावा लागेल.

जोलारपेटहून आलेली मद्रास रेल्वेची गाडी १८६४ साली प्रथम या छावणीत येऊन थांबली, जुन्या पेठेत नव्हे. सरकारची नजर कोणाच्या सोयीकडे होती, हे सांगायला निराळे दप्तर धुंडाळण्याची गरज नाही. मराठी मुलखाची वाट मात्र दुसरीच होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने, धान्य असूनही ते भुकेल्यांपर्यंत वेळेवर पोहोचविण्याचे साधन नसले म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हे दाखवून दिल्यानंतर १८८२ साली ‘सदर्न मराठा रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली, आणि धारवाड, बेळगाव, मिरज या टापूस जोडणारे तिचे मीटरमापी रूळ पुढे पुणे आणि बंगळूर यांच्या दरम्यान अखंड झाले. छावणीत रुंदमापी, पेठेकडे मीटरमापी. एकाच शहरात दोन रूळ, दोन दिशा आणि एका अर्थी दोन राज्ये!

पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास रुंदमापी झाल्यावर बंगळूरच्या प्रवाशाला मिरजेस उतरून, पोरेबाळे नि बोचकी सांभाळीत, दुसऱ्या गाडीत चढावे लागे. नव्वदच्या दशकात रूळ बदलले, तेव्हा कुठे हा जाच संपला.

पुढे विमानही सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले. पण २००८ च्या मे महिन्यात नागरी विमानवाहतूक शहरातील जुन्या धावपट्टीवरून शहराबाहेर देवनहळ्ळीस गेली, आणि शिवाजीनगरच्या माणसाचा हिशेब पालटला: आकाशातला तास खरा, परंतु त्यापूर्वीचा रस्ता, तपासणी आणि वाट पाहणे यांची बेरीज केली, तर बेळगावास रात्रभर निजत जाणारा इसम अगदीच अव्यवहारी ठरत नाही. शिवाय घटप्रभेला वा लोंढ्याला उतरणाऱ्याची दखल विमानाने कधी घेतली आहे?

छावणीच्या स्थानकावर आजही मुंबईची उद्यान एक्सप्रेस थांबते. परंतु ती गुंतकल, वाडी, सोलापूर असा मार्ग धरते. बेळगाव-मिरजेची वाट अजूनही तुमकूर-हुबळीवरूनच जाते, आणि त्यासाठी शिवाजीनगरकराला बहुधा शहरातील दुसऱ्या स्थानकावर जावे लागते.