आउटबोर्ड मोटर कारमधून नेताना कोणत्या बाजूला आडवी ठेवावी?

छोट्या होडीच्या मागच्या फळीवर बसवतात ते इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. २ ते ६ हॉर्सपॉवरची मोटर साधारण १३ ते ३० किलोची असते, त्यामुळे ती कारच्या डिकीत मावते. पण चुकीच्या कुशीवर ठेवली, तर मोठं नुकसान होऊ शकतं.

फोर-स्ट्रोक मोटरमध्ये खाली ऑइल साठलेलं असतं. बाजू चुकली की ते सिलिंडरमध्ये शिरतं. ऑइल हवेसारखं दाबलं जात नाही. अशा वेळी जोरात दोरी ओढली, तर पिस्टन अडकून आतला रॉड वाकू शकतो. योग्य बाजू प्रत्येक मॉडेलला वेगळी असते. ती मॅन्युअलमध्ये किंवा मोटरवरच्या खुणेत दिलेली असते.

टू-स्ट्रोकमध्ये असा ऑइलचा साठा नसतो. तरीही पंख्याकडचं टोक इंजिनपेक्षा उंच ठेवू नये; आत उरलेलं पाणी सिलिंडरकडे जातं.

निघण्यापूर्वी काय करावं?

• मोटर पाण्यात असतानाच पेट्रोलचा कॉक बंद करून ती आपोआप थांबेपर्यंत चालवा.
• उभी धरून पाणी निथळू द्या.
• टाकी रिकामी करा, झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट करा.
• खाली जाड गोधडी घाला, पट्ट्याने बांधा.
• काचा थोड्या उघड्या ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने डिकीत साचते. ठिणगी पडली तर भडका उडतो.

पोहोचल्यावर मोटर थोडा वेळ उभी ठेवा, ऑइल तपासा, मगच सुरू करा.