घोनिम, वाएल

घोनिम, वाएल : (२३ डिसेंबर १९८०– ). इजिप्शियन संगणक अभियंता, इंटरनेट उद्योजक व मानवी हक्क कार्यकर्ते. जन्म कैरो येथे; बालपणाचा बराच काळ सौदी अरेबियात गेला. संगणक अभियांत्रिकीची पदवी व पुढे एम.बी.ए. त्यांनी कैरोतच मिळवली. विद्यार्थिदशेत ‘इस्लामवे’ हे संकेतस्थळ काढले. नंतर ‘मुबाशिर’ या अरबी अर्थविषयक संकेतस्थळाच्या उभारणीत भाग घेतला. २००८ मध्ये ते गूगलमध्ये रुजू झाले आणि २०१० पासून दुबईहून मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेतील विपणन सांभाळू लागले.

६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रियात साध्या वेशातील दोन पोलिसांनी खालिद सईद या तरुणाला सायबर कॅफेतून ओढून काढले व मरेपर्यंत मारले. त्याच्या छिन्नविच्छिन्न चेहऱ्याचे छायाचित्र पाहून हादरलेल्या घोनिम यांनी निनावी राहून ‘आम्ही सारे खालिद सईद’ हे फेसबुक पान सुरू केले. त्यांचे खरे कर्तृत्व इथे दिसते. ग्राहक टप्प्याटप्प्याने जोडण्याची विपणनातली रीत त्यांनी भ्यालेल्या समाजासाठी वापरली : आधी नुसते वाचन, मग प्रतिक्रिया, मग ऑनलाइन मोहीम आणि शेवटी रस्ता. मजकूर प्रमाण अरबीऐवजी बोलीभाषेत आणि जणू खालिदच बोलतो आहे असा प्रथमपुरुषी. पहिल्या निदर्शनांत माणसे काळे कपडे घालून, एकमेकांपासून अंतर राखून, घोषणा न देता समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. आणीबाणीच्या कायद्याखाली जमाव ठरू नये, हा त्यामागचा विचार.

ट्युनिशियातील उठावानंतर या पानाने २५ जानेवारी २०११ रोजी, म्हणजे पोलीस दिनीच, निदर्शनांची हाक दिली. २७ जानेवारीच्या रात्री घोनिम यांना पकडून ११ दिवस डोळे बांधून डांबण्यात आले. सुटकेच्या रात्री दूरचित्रवाणीवर मृत आंदोलकांची छायाचित्रे पाहताना त्यांना रडू आवरले नाही. दुसऱ्या दिवशी तहरीर चौकातील गर्दी उसळली. ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले. श्रेय एकट्या फेसबुकचे मात्र नव्हे. महल्ला या शहरातील संपकरी गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या पाठिंब्यातून उभ्या राहिलेल्या तरुणांच्या ६ एप्रिल चळवळीने जमीन आधीच नांगरून ठेवली होती.

खालिदच्या मृत्यूप्रकरणी दोन्ही पोलिसांना २०११ मध्ये ७ वर्षांची, फेरसुनावणीनंतर २०१४ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. रेव्हल्यूशन २.० (२०१२) हे घोनिम यांचे आत्मकथन. इजिप्तमधील २०१३ च्या लष्करी सत्तांतरानंतरच्या काळात समाजमाध्यमे अफवा आणि द्वेषही तितक्याच वेगाने पसरवतात, हे त्यांनी जाहीरपणे मांडले. सभ्य चर्चेसाठी त्यांनी सहसंस्थापक म्हणून काढलेले ‘पार्लियो’ हे व्यासपीठ २०१६ मध्ये क्वोरा या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने विकत घेतले.