दाभोळचें बंदर आणि घाटमाथा

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे सोलापूरकडील कुटुंबें कोंकणांत उतरतात, यांत नवल नाहीं. ज्या मुलखांत वैशाखांत विहिरींचे तळ दिसूं लागतात, तेथील माणसास समुद्राचा वारा व नारळीची सावली यांचें अप्रूप वाटावयाचेंच. परंतु किनाऱ्यावरील गांव म्हणजे चार दिवस हवा पालटण्याचें ठिकाण, याहून अधिक कांहीं नाहीं, अशी जी समजूत या प्रवासांबरोबर रूढ होत चालली आहे, ती तपासून पाहण्यासारखी आहे. निदान दाभोळच्या बाबतींत ती खरी नाहीं. सोलापूरच्या प्रवाशास दाभोळ हा परका गांव नव्हे. तो ज्या मुलखांत राहतो, त्या मुलखाचेंच तें एके काळीं बंदर होतें.

दाभोळ हें रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांत, वाशिष्ठी नदीच्या मुखाशीं उत्तर तीरावर वसलेलें आहे. समोर दक्षिण तीरावर अंजनवेल व त्याचा गोपाळगड हा किल्ला. नदी सह्याद्रींत उगम पावून चिपळुणावरून येते. भरतीच्या पाण्याबरोबर होड्या खाडीनें चिपळुणाजवळच्या गोवळकोटापर्यंत जात; तेथून कुंभार्ली घाट चढला कीं पाटण, कऱ्हाड आणि मग सारा देश मोकळा. आज सोलापूरहून मोटारीनें निघणारा प्रवासी पंढरपूर, कऱ्हाड, पाटण, कोयनानगर असा येऊन त्याच कुंभार्ली घाटानें चिपळुणास उतरतो. म्हणजे आपण सुटीसाठीं जी वाट धरतों, तीच पूर्वीं व्यापाराची वाट होती. फरक इतकाच कीं, आपण हात हलवीत उतरतों, आणि तेव्हांचे तांडे माल लादून चढत.

या मालांत सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे घोडा. दक्षिणेंतील हवेंत उत्तम घोड्यांची पैदास होत नसे, आणि राज्य तर घोडदळावर उभें. त्यामुळें अरबस्तान व इराण येथून घोडे गलबतांत भरून आणावे लागत. बहामनी राज्यांत हा माल चौल व दाभोळ येथें उतरे. १४७० च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलास उतरला, तो बरोबर एक घोडा घेऊनच. जुन्नरच्या सुभेदारानें तो घोडा हिसकून घेतला, व तूं मुसलमान होशील तरच परत देईन, असें त्यास बजावलें. अखेर घोडा त्यास परत मिळाला; पण एका घोड्याची त्या काळीं काय किंमत होती, तें या हकीकतीवरून कळतें. हाच निकितिन पुढें बेदर, गुलबर्गा वगैरे शहरें पाहून परतीच्या प्रवासास दाभोळहून निघाला. तें फार मोठें शहर असल्याचें त्यानें नमूद करून ठेविलें आहे.

बहामनी राज्य फुटल्यावर चौल निजामशाहीकडे आणि दाभोळ आदिलशाहीकडे गेलें. येथेंच सोलापूरचा संबंध येतो. १५२३ च्या सुमारास आदिलशाही राजकन्येचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशीं झाला, तेव्हां सोलापूरचा किल्ला आंदणांत द्यावयाचा बोल होता. तो पाळला गेला नाहीं, असा निजामशाहीचा आरोप. आणि त्या एका किल्ल्यासाठीं दोन्ही राज्यें सुमारें चाळीस वर्षें झगडत राहिलीं. शेवटीं १५६४ च्या सुमारास चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशीं झाला, तेव्हां सोलापूर तिच्याबरोबर विजापूरकडे आलें. या चाळीस वर्षांत सोलापूरच्या तटाभोंवतीं जीं घोडदळें फिरलीं, त्यांना घोडा पुरवावयाचा तो समुद्रानेंच. सोलापूरचा किल्ला आणि दाभोळचा धक्का ही एकाच व्यवहाराचीं दोन टोकें होतीं, असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

या व्यवहारावर पहिला मोठा घाव पोर्तुगीजांनीं घातला. १५०८ च्या आरंभीं चौलजवळच्या आरमारी लढाईंत पोर्तुगीज गव्हर्नर फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घेण्यासाठीं दीवकडे जातांना आल्मेदानें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दाभोळ गांठलें, शहर जाळलें, आणि बायकामुलांचीही गय केली नाहीं. त्या लढाईशीं दाभोळच्या रहिवाशांचा संबंध नव्हता. १५१० मध्यें गोवा आदिलशाहीच्या हातून गेला, आणि पुढें घोड्यांचा व्यापार पोर्तुगीजांनीं गोव्याकडे वळविला. त्यांच्या परवान्यावांचून समुद्रांत गलबत सुखरूप जाईना. तरीही दाभोळ एकदम मेलें नाहीं. मागें विजापूरसारखी राजधानी उभी होती, तोंवर मक्केचे यात्रेकरू आणि व्यापारी तेथें येतच राहिले.

त्या वैभवाची शेवटची खूण खाडीच्या कांठीं आजही उभी आहे. १६५९-६० च्या सुमारास बांधलेली ही मशीद लोकांत ‘अंडा मशीद’ या नांवानें ओळखली जाते. मक्केस निघालेल्या एका आदिलशाही राजकन्येनें, समुद्र निर्धोक नसल्यामुळें, यात्रेचा पैसा या इमारतीवर खर्च केला, अशी आख्यायिका आहे. विजापूरचे घुमट व मनोरे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना ही शैली ओळखावयास वेळ लागणार नाहीं. आणि असे डोळे सोलापूरकरांजवळ इतरांहून अधिक. मशीद उभी राहते न राहते तोंच १६६१ मध्यें शिवाजीमहाराजांनीं दाभोळ घेतलें. १६८६ मध्यें औरंगजेबानें विजापूर जिंकलें, आणि ज्या राजधानीसाठीं हें बंदर होतें, ती राजधानीच उरली नाहीं.

पुढचा इतिहास मुंबईच्या उत्कर्षाचा आहे. तरी घाटावरील माल बैलांच्या पाठीवरून चिपळुणास व तेथून गलबतांनीं मुंबईस जात होता. १८६० मध्यें आगगाडी सोलापुरास पोंचली, १८६३ मध्यें बोरघाटांतून लोहमार्ग खुला झाला, आणि देशावरील कापूस-धान्यानें खाडीची वाट सोडली. ज्या आगगाडीनें सोलापूरच्या गिरण्यांस दिवस आणले, तिनेंच कोंकणच्या खाड्यांचे दिवस ओसरविले. मुंबईहून येणाऱ्या आगबोटी कांहीं काळ दाभोळास थांबत. त्याही केव्हांच बंद पडल्या. बंदर गाळानें किंवा शत्रूनें जितकें मरत नाहीं, तितकें पाठीमागचा मुलूख त्याला विसरला म्हणजे मरतें.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दाभोळचें नांव पुन्हां जगांत गाजलें. पण तें एन्रॉन कंपनीच्या वीजप्रकल्पामुळें. तो प्रकल्प समोरच्या तीरावर, अंजनवेलच्या बाजूस. नांव मात्र दाभोळचें घेतलें गेलें. तो १९९९ मध्यें सुरू झाला व २००१ मध्यें बंद पडला. मग सरकारी कंपन्यांच्या भागीदारीनें नवी कंपनी स्थापून तो पुन्हां चालू करण्यांत आला. एवढ्या गदारोळांत जुन्या बंदराची आठवण कोणी काढल्याचें दिसत नाहीं.

आतां जाणाऱ्यांसाठीं चार शब्द. चिपळुणाहून गुहागरच्या रस्त्यानें धोपाव्यास यावें. तेथून मोटारींसह खाडी ओलांडणारी फेरीबोट दाभोळच्या धक्क्यास लावते. गांवांत शिरण्याचा खरा मार्ग हाच. कारण पूर्वींचा प्रवासीही दाभोळास पाण्यावरूनच प्रथम पाही. मशिदीखेरीज खडकांत कोरलेलें चंडिकादेवीचें भुयारी देऊळ पाहावें. एक दिवस पन्हाळेकाजीच्या एकोणतीस लेण्यांस द्यावा. बौद्ध, नाथपंथी व गाणपत्य अशा निरनिराळ्या पंथांच्या खुणा तेथें एके ठिकाणीं आहेत, आणि खाडीची वाट आदिलशाहीहून किती जुनी आहे, तें तेथें समजतें. हिवाळ्याचे दिवस सर्वांत सोयीचे. जून-जुलै या महिन्यांत यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. तेव्हां ताज्या मासळीचा हट्ट धरूं नये.

आणि एक विनंती. कोळी जाळीं विणीत बसतो तो धक्का त्याच्या पोटापाण्याचा आहे, आणि मशीद व देऊळ हीं नांदतीं प्रार्थनास्थळें आहेत; त्यांकडे देखावा म्हणून पाहूं नये. घाटमाथ्यानें या गांवाकडे पाठ फिरविली त्यास दीडशें वर्षें होऊन गेलीं. आतां तोच घाटमाथा पाहुणा होऊन परत येत आहे. त्यानें ओळख ठेवून यावें, एवढीच अपेक्षा.