लुक्ला : एका धावपट्टीचा पूर्वेतिहास व परिणाम

हिमालयातील दळणवळणाचा अभ्यास करताना खिंडी, घाट आणि व्यापारी मार्ग यांचा जितक्या बारकाईने विचार होतो, तितका तेथील लहान विमानतळांचा होत नाही. ही उणीव थोडीशी भरून काढावी, या हेतूने पूर्व नेपाळातील लुक्ला येथील धावपट्टीचा येथे परामर्श घेतला आहे.

दूधकोशीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून २,८४५ मीटर उंचीवर लुक्ला वसले आहे. या नावाचा अर्थ ‘शेळ्यामेंढ्यांची जागा’ असा सांगतात. १९५३ साली एव्हरेस्टच्या मोहिमेला काठमांडूच्या खोऱ्यातून थ्यांगबोचेच्या मठापर्यंत पोहोचण्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ पायी चालावे लागले होते. पुढे एडमंड हिलरी यांनी शेर्पांच्या गावांत शाळा व रुग्णालये उभारण्याचे काम अंगावर घेतले, तेव्हा खरी अडचण निधीची नव्हती. पत्रे, सिमेंट आणि औषधे तेथवर न्यायची कशी, ही होती. १९६०-६१ च्या मोहिमेत मिंगबो येथे याहून कितीतरी उंचावर एक तात्पुरती धावपट्टी तयार करण्यात आली होती. तिबेटी निर्वासितांना रसद पोहोचविणे हा तिचा मुख्य हेतू होता. खुमजुंगची शाळा १९६१ साली उघडली, खुंदेचे रुग्णालय १९६६ साली. या दोहोंच्या मधोमध, १९६४ साली, लुक्लाची धावपट्टी झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गिर्यारोहकांच्या सोयीसाठी ती बांधली गेली, हा समज या कालक्रमापुढे टिकत नाही.

प्रचलित वृत्तान्तानुसार प्रथम सपाट शेतजमिनीचा विचार झाला होता. परंतु पिकाऊ जमीन देण्यास शेतकरी राजी झाले नाहीत, म्हणून उतारावरची जागा घ्यावी लागली. तिची किंमत २,६५० अमेरिकी डॉलर सांगितली जाते. माती पुरेशी घट्ट होईना, तेव्हा हिलरी यांनी शेर्पांना मद्य पाजून धावपट्टीवर नाच करविला व त्यांच्या पायांनी ती चोपून घेतली, अशीही कथा आहे. विनोदासाठी ती वारंवार सांगितली जाते. पण रोडरोलर जेथे पोहोचूच शकत नव्हता, तेथे माणसांच्या पायांवाचून दुसरे साधन कोणते असणार? कथेत अतिशयोक्ती असेल, असंभाव्यता मात्र नाही.

शेतकऱ्यांच्या नकारातून मिळालेला हा उतारच पुढे धावपट्टीचे मर्म ठरला. तिची लांबी अवघी ५२७ मीटर, रुंदी ३० मीटर आणि चढ सुमारे ११.७ टक्के, म्हणजे एका टोकापेक्षा दुसरे टोक साठ मीटरांहून अधिक उंच आहे. या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे पाऊणपटच असल्याने विमान अधिक वेगाने उतरते व उड्डाणासही अधिक वेग लागतो. उतरताना चढ वेग रोखतो, उडताना उतार वेग वाढवितो. त्यामुळे विमाने वर तोंड करून उतरतात व खाली तोंड करून उडतात. उलट दिशेचा व्यवहार नाही. वरच्या टोकाला डोंगर असल्याने उतरणे ऐन वेळी रद्द करून पुन्हा वर उठण्याची सोय नाही, आणि खालच्या टोकाला दरी आहे. दुपारनंतर वारा व ढग वाढत असल्याने बहुतेक उड्डाणे सकाळीच उरकतात. ८ ऑक्टोबर २००८ रोजी धुक्यात उतरू पाहणारे एक विमान कोसळून १८ जण मृत्यू पावले.

अशा मार्गांची किंमत हिलरी यांनाही चुकवावी लागली. ३१ मार्च १९७५ रोजी त्यांची पत्नी लुईझ व कन्या बेलिंडा फाप्लूकडे निघालेल्या विमानाच्या अपघातात काठमांडू येथे मरण पावल्या. फाप्लू येथे त्या वेळी हिलरी रुग्णालय बांधीत होते.

आर्थिक परिणामांचा विचार करताना १९६४ हे साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटते. आदिलाबादच्या राजगोंडांवरील अभ्यासामुळे आपल्याकडे परिचित असलेले मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेन्डोर्फ यांचा शेर्पांवरील ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ज्या समाजाचे चित्र त्यांनी रेखाटले, त्याचा नांगपा ला खिंडीतून चालणारा तिबेटी मिठाचा व्यापार १९५९ नंतर आक्रसत चालला होता. पर्यटनाने ती पोकळी भरून काढली आणि लुक्ला त्याचे प्रवेशद्वार झाले. म्हणून या समाजाच्या स्थित्यंतराचे सारे खापर धावपट्टीवर फोडणे मला सयुक्तिक वाटत नाही. जुना आधार आधीच ढासळू लागला होता. तथापि सरपणासाठी होणारी जंगलतोड व प्रवाशांची गर्दी यांविषयी हिलरी यांनी पुढे स्वतः खंत व्यक्त केली. १९७६ साली सागरमाथा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. फ्यूरर-हायमेन्डोर्फ यांनीही १९८४ च्या आपल्या ग्रंथात शेर्पांच्या या बदललेल्या जीवनाचा पुन्हा शोध घेतला.

धावपट्टीवर डांबर पडले ते २००१ साली, आणि तेनझिंग व हिलरी यांची नावे तिला मिळाली २००८ साली. लुक्लाच्या वरच्या गावांत पथिकाश्रमांची रांग वाढत गेली. जिरीकडून येणाऱ्या जुन्या पायवाटेवरच्या गावांतून पूर्वी हेच प्रवासी चालत जात, त्यांतील बहुतेक आता त्या गावांच्या डोक्यावरून निघून जातात.